हरणे वाढली म्हणजे जंगल सुधारले?

रबाळे स्टेशनला उतरले की पूर्वेला ठाणे-बेलापूर रस्ता, एमआयडीसीच्या शेड आणि त्यांच्यामागे गवळीदेवाचा डोंगर. पश्चिमेला वस्ती, खारफुटी आणि खाडी. पाऊस उघडल्यानंतरच्या एखाद्या स्वच्छ सकाळी खाडीपलीकडे वायव्येला येऊरच्या डोंगराची निळसर रेघ दिसते. सरळ रेषेत अंतर फार तर दहा-बारा किलोमीटर. त्या रेघेआड संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात चितळांचे कळप चरतात, सांबर आणि भेकर दाट झाडीत राहतात आणि त्यांच्या मागावर बिबटे फिरतात.

याच रबाळे, घणसोली, ऐरोली पट्ट्यात माथाडीच्या आणि कारखान्यांच्या कामासाठी पाटण, जावळी, शिराळ्याकडून आलेली कितीतरी कुटुंबे आहेत. त्यांच्या गावाकडच्या रानाची, कोयना-चांदोलीची, गोष्ट वेगळी आहे. तिथे जंगल भरपूर, पण वाघ टिकावा इतकी हरणे नाहीत. आणि त्याच सांगली जिल्ह्यात सागरेश्वरला नेमके उलटे: हरणे भरपूर, पण त्यांना पुरेल इतके रान नाही. एकाच राज्यातली ही तीन जंगले, आणि ‘हरणे वाचवा’ या दोन शब्दांचा अर्थ तिन्ही ठिकाणी वेगळा.

हरीण हा शब्द मराठीत सैलपणे वापरला जातो. शास्त्रीय पुस्तकांत त्याचे दोन भाग करतात. काळवीट, चिंकारा, नीलगाय हे कुरंग. त्यांची शिंगे आयुष्यभर डोक्यावर राहतात. चितळ, सांबर, भेकर हे सारंग. यांच्या नरांची शिंगे म्हणजे शुद्ध हाड असते. ती गळतात आणि पुन्हा उगवतात, उगवताना त्यांच्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेली मखमली कातडी असते. इतक्या वेगाने वाढणारे हाड प्राणिसृष्टीत फारसे कुठे सापडत नाही, म्हणून हाडांवर संशोधन करणाऱ्यांनाही त्याचे कुतूहल आहे. जंगलात पडलेली शिंगे साळिंदर कुरतडतात आणि कॅल्शियमसाठी हरणेही चघळतात. भिंतीवर टांगायला ती घरी आणणे कायद्याने गुन्हा आहे, हे ट्रेकला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवलेले बरे.

व्यवस्थापनाच्या दृष्टीने चितळ आणि सांबर यांच्यातला फरक महत्त्वाचा आहे. चितळ कळपाने राहते. त्याला झाडी आणि उघडे गवत दोन्ही जवळजवळ लागते आणि पाण्यापासून फार लांब जाणे त्याला मानवत नाही. मादी साधारण सव्वा ते दीड वर्षाची झाली की विते, गर्भ साडेसात-आठ महिन्यांचा, एका वेळी बहुधा एकच पाडस. आकडे साधे आहेत, पण गवत आणि पाणी मिळाले आणि खाणारा कोणी नसला की कळप काही वर्षांतच दुप्पट-तिप्पट होतो. सांबर थोराड, पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोच्याही पुढे जातो. एकटा किंवा तीन-चारच्या टोळीने, डोंगरउतारावरच्या दाट झाडीत राहतो. भेकर त्याहून लहान आणि एकलकोंडे. बहुतेकांना ते दिसत नाही, कुत्र्यासारखे भुंकणे तेवढे ऐकू येते.

सागरेश्वरचे यश आणि अडचण

सागरेश्वर हे महाराष्ट्रातले आगळे अभयारण्य आहे, कारण ते माणसाने तयार केले. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे याच्या पायथ्याशी आहे. धों. म. मोहिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उघड्याबोडक्या डोंगरांवर झाडे लावली, जगवली, प्राणी आणून सोडण्याचा आग्रह धरला. 1985 मध्ये अभयारण्य घोषित झाले. क्षेत्रफळ जेमतेम 11 चौरस किलोमीटर, भोवती जाळीचे कुंपण. चितळ, सांबर, काळवीट इथे रुजले आणि वाढले. सुरुवातीला त्यांना खाणारा मोठा प्राणी नव्हता.

कृष्णाकाठच्या ऊस-भाजीपाल्याच्या मध्ये असलेले असे डोंगराळ बेट. उन्हाळ्यात वर गवत वाळते आणि खाली शेत हिरवेगार असते. कुंपण जिथे खचले किंवा मोडले तिथून हरणे खाली उतरणार, यात नवल काहीच नाही. आजूबाजूच्या गावांची तक्रार वर्षानुवर्षे तीच आहे: रात्री राखण, सकाळी तुडवलेले पीक. चितळ, सांबर, काळवीट, रानडुक्कर यांनी केलेल्या पीकनुकसानीला राज्य सरकार भरपाई देते. पण पंचनामा, अर्ज आणि खेटे यांत शेतकऱ्याचे किती दिवस जातात, ते त्यालाच माहीत. अभयारण्याचे यश ज्याच्या बांधावर येऊन चरते, त्याला त्या यशाचे कौतुक करायला सांगणे जरा जास्तच आहे.

हरणांनाही ते सोयीचे नाही. जमीन तेवढीच आणि तोंडे वाढत गेली की आधी चांगले गवत संपते, मग कोवळी रोपे, मग खालच्या फांद्यांची पाने. ज्या उंचीपर्यंत हरणाचे तोंड पोहोचते तिथपर्यंत झाडी कापल्यासारखी दिसू लागते. नवी झाडे उभी राहत नाहीत. मादी अशक्त, पाडसे कमी वजनाची, पोटात जंत जास्त, आणि एकाला झालेला आजार कळपभर पसरायला वेळ लागत नाही. लांबून पाहणाऱ्याला मात्र कळप मोठा दिसतो, म्हणून सगळे छान चालले आहे असे वाटते.

शिकारी नसलेल्या जागी हे किती टोकाला जाते याचा धडा अंदमानात आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात ब्रिटिशांनी तिथे चितळ नेऊन सोडले. बेटांवर वाघ नाही, बिबट्या नाही, रानकुत्राही नाही. चितळ बेटाबेटांवर पसरले. जंगलाच्या जमिनीलगतची रोपे त्यांनी इतकी खाल्ली, की त्या झुडपांवर राहणाऱ्या सरड्यांची संख्याही घटल्याचे संशोधकांना आढळले. मुख्य भूमीवर ज्याला जपायचे, तेच जनावर अंदमानात उपद्रवी परका ठरते.

दिल्लीत हौज खासच्या डिअर पार्कमध्ये साठच्या दशकात मोजकी चितळे आणली होती. त्यांची संख्या सहाशेच्या घरात गेली. 2023 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने त्या उद्यानाची मान्यता काढली आणि हरणे राजस्थानातल्या जंगलांत हलवायला सुरुवात झाली. मग ती कशी हलवली, कुठे सोडली, किती जगली, यावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. नसबंदी वेळेवर केली असती, नर-मादी वेगळे ठेवले असते तर हे टळले असते. कुंपणातल्या हरणांची वाढ माणसालाच आवरावी लागते, आणि ते काम पुढे ढकलले की दरवर्षी अवघड होत जाते.

पकडताना मरणारे जनावर

मग सागरेश्वरची जास्तीची हरणे उचलून जिथे कमी आहेत तिथे सोडा, हा सरळ विचार. अलीकडच्या वर्षांत चितळ आणि सांबर चांदोलीत नेण्याचे काम सुरूही झाले. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. क्षेत्र सुमारे 1165 चौरस किलोमीटर. वाघ मात्र अनेक वर्षे क्वचित एखादा कॅमेऱ्यात दिसायचा आणि निघून जायचा. 2025 च्या अखेरीस ताडोबातून वाघीण आणून चांदोलीत सोडण्यात आली. ती आणि तिच्यानंतर येणारे वाघ टिकायचे असतील, तर हिशेब हरणांपासून सुरू होतो.

तो हिशेब उल्हास कारंत यांच्यासारख्या वाघ-अभ्यासकांनी मांडलेला आहे. एक वाघ वर्षाला चितळाच्या आकाराची साधारण पन्नास जनावरे मारतो. कळपाला धक्का न लागता त्यातली दरवर्षी दहा टक्केच जनावरे कमी होऊ द्यायची, तर एका वाघामागे पाचशे जनावरे रानात हवीत. वाघीण आणि तिचे बछडे म्हटले की आकडा आणखी वाढतो. पिंजऱ्यातून वाघ बाहेर झेपावतानाचे चित्र सगळीकडे छापून येते; त्याआधी काही वर्षे लागणाऱ्या या पाचशेंच्या तजविजीचे चित्र काढायला कोणी जात नाही.

हरीण हलवणे हे वाघ हलवण्याहून सोपे असेल असे वाटते. ते तसे नाही. वाघाला बेशुद्धीची सुई मारून पिंजऱ्यात घालता येते. हरणाच्या बाबतीत धोका पकडण्यातच असतो. घाबरलेले हरीण जीव तोडून पळते, धडपडते, जाळ्यात अडकले तर अंग ताणत राहते. स्नायूंना प्राणवायू पुरत नाही, त्यांत आम्ल साठते, शरीराचे तापमान चढते आणि स्नायूंच्या पेशी फुटू लागतात. पेशींतले मायोग्लोबिन आणि पोटॅशियम रक्तात उतरते. पोटॅशियम हृदयाची लय बिघडवते, मायोग्लोबिन मूत्रपिंडात अडकते, लघवी काळपट तपकिरी होते. कधी जनावर तिथेच कोसळते. कधी ते उठून चालत जाते आणि दोन-चार दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा, मरून पडते. ढिगाऱ्याखाली दबलेल्या माणसाला बाहेर काढल्यावर किंवा अंगाबाहेरचा व्यायाम एकदम केलेल्या तरुणाला जो मूत्रपिंडाचा धोका होतो, तोच हा प्रकार. फरक एवढाच की माणसाला सलाइन लावून, गरज पडली तर डायलिसिसवर ठेवून वाचवता येते.

म्हणून आफ्रिकेत रुळलेली ‘बोमा’ पद्धत भारतात आणली गेली. नरसाळ्याच्या आकाराची, कापडी किंवा गवती पडद्यांची लांबलचक भिंत जंगलातच उभारतात. आत चारा, मीठ, पाणी ठेवतात. हरणे आपणहून येऊ-जाऊ लागली की काही दिवसांनी मागचा पडदा ओढतात आणि कळप हळूहळू अरुंद तोंडाकडे सरकतो. तिथे ट्रक लावलेला असतो. पडद्याच्या पलीकडचे दिसत नसल्यामुळे हरीण त्यावर झेप घेत नाही. कोणीही हात लावत नाही, मोठ्याने बोलत नाही. मध्य प्रदेशाने याच पद्धतीने शेकडो चितळे एका जंगलातून दुसऱ्यात नेली आणि कान्हाचे बारशिंगे 2015 मध्ये सातपुड्यात पोहोचवले. कान्हातला तो बारशिंगा 1970 च्या सुमारास 66 वर आला होता. शिकाऱ्यांपासून सुरक्षित कुंपण, गावे हलवल्यावर मोकळी झालेली कुरणे आणि चाळीस-पन्नास वर्षांची चिकाटी, एवढ्यावर त्याची संख्या आज हजाराच्या आसपास पोहोचली आहे.

नव्या जागी पोहोचल्यावरही हरणे लगेच मोकळी सोडत नाहीत. मोठ्या कुंपणात काही आठवडे ठेवतात, तिथले गवत आणि पाणी अंगवळणी पडू देतात, आजारी जनावर वेगळे काढतात. चांदोलीच्या बाबतीत एक प्रश्न मात्र विचारायलाच हवा. धो धो पावसाच्या, चढउताराच्या, सदाहरित झाडीच्या या रानाचे मूळ रहिवासी सांबर, भेकर आणि गवा. चितळ हे मुळात कोरड्या, उघड्या रानाचे जनावर. सड्यांवर आणि उठलेल्या गावांच्या जुन्या शेतांत ते तगेल, बाकी डोंगर सांबराचाच राहील. तेव्हा मोजायला आणि पकडायला सोपे म्हणून चितळावरच सगळी भिस्त ठेवणे शहाणपणाचे नाही. सांबर आपल्या गतीने वाढण्यासाठी शिकार आणि वणवा थांबवणे हे कमी झगमगाटाचे काम तिथे जास्त मोलाचे आहे.

लेंड्यांवरून मोजणी

हरणे किती हे कळते कसे? जुन्या काळी बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर बसून येणारी जनावरे मोजत. महाराष्ट्राचे वन खाते आजही ‘निसर्गानुभव’ म्हणून हौशी लोकांना त्या रात्री मचाणावर बसवते, आणि तो अनुभव घ्यावा असाच आहे. पण त्यातून खरी संख्या निघत नाही. एकच कळप दोन पाणवठ्यांवर जाऊ शकतो, आणि जे आलेच नाहीत त्यांची नोंद कुठेच नसते.

शास्त्रीय मोजणीत दोन किलोमीटरची सरळ रेषा आखतात आणि पहाटे त्यावरून न बोलता चालतात. दिसलेला प्रत्येक कळप, त्यातली संख्या, त्याचे अंतर आणि कोन टिपतात. रेषेजवळचे जनावर सहसा चुकत नाही, लांबचे झाडीत हुकते. अंतर वाढेल तशी दिसणाऱ्यांची संख्या किती झपाट्याने घटते यावरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधता येतो. जिथे झाडी दाट आणि सांबर-भेकर लाजाळू, तिथे ठरावीक आकाराच्या तुकड्यांतल्या लेंड्या मोजतात. देशभरची व्याघ्रगणना दर चार वर्षांनी होते तेव्हा वनरक्षक हेही काम करतात. लेंडी चितळाची की सांबराची, ताजी की जुनी, हे ओळखणारा वनरक्षक या सगळ्या व्यवस्थेचा कणा असतो.

येऊरच्या कडेचे गणित

आता खाडीपलीकडचे जंगल. संजय गांधी उद्यान शंभरेक चौरस किलोमीटरचे, एका बाजूला बोरिवली, दुसऱ्या बाजूला मुलुंड-ठाणे. उत्तरेला घोडबंदर रस्त्यापलीकडे नागला, त्यापुढे तुंगारेश्वर. पण तो रस्ता रात्रंदिवस वाहत असल्यामुळे हरणांसाठी तिकडची वाट जवळपास बंद. बिबट्या एखाद्या रात्री धाडस करतो, चितळांचा कळप करत नाही. म्हणजे इथली हरणेही एका अर्थाने कुंपणातच आहेत. फक्त जाळीच्या जागी इमारती आणि रस्ते आहेत. सागरेश्वरशी त्यांचा फरक इतकाच, की इथे खाणारा आहे, आणि भरपूर आहे. बिबट्यांची घनता जगात सर्वाधिक असलेल्या जागांपैकी ही एक मानली जाते.

या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला तेव्हा त्यात चितळ, सांबर, माकड यांच्या केसांबरोबर भटक्या कुत्र्यांचे केसही मोठ्या प्रमाणात निघाले. 2018 मध्ये अलेक्झांडर ब्राकोव्स्की आणि सहकाऱ्यांनी त्यावरून एक वेगळेच गणित मांडले. उद्यानातले बिबटे वर्षाला सुमारे 1500 कुत्री खात असावेत. त्यामुळे कडेच्या वस्त्यांत वर्षाला हजारेक चावे टळतात आणि रेबीजचे सुमारे 90 संभाव्य रुग्ण वाचतात. हे अंदाजी गणित आहे, त्यात गृहीतके बरीच आहेत, आणि बिबट्याला महापालिकेचा कर्मचारी समजण्याचा मोह टाळलेला बरा. पण त्यातून हरणांबद्दलचा एक मुद्दा हाती लागतो. कचरा जितका उघडा तितकी कुत्री जास्त; कुत्री जास्त तितका बिबट्या वस्तीजवळ. आणि कुत्री रानात शिरली की आधी पाडसे मारतात, मोठ्या हरणांना पळवून दमवतात, वर श्वानज्वरासारखे रोग बिबट्यांना देतात. रानात चितळ पुरेसे असले म्हणून बिबट्या कुत्रे सोडेल असेही नाही. सोपी शिकार सोडण्याइतका तो तत्त्वनिष्ठ नाही.

2004 च्या उन्हाळ्यात उद्यानाभोवती बिबट्यांचे हल्ले वाढले तेव्हा ‘जंगलात खायला नाही’ असा समज पसरला आणि डुकरे आणि ससे सोडण्याचाही घाट घातला गेला. पुढे विद्या अत्रेय आणि इतरांच्या कामातून दिसले की बाहेरून पकडून आणलेले बिबटे एका जागेहून दुसरीकडे सोडण्यामुळेच संघर्ष वाढतो. 2011 पासून वन खाते आणि नागरिक यांनी मिळून कचरा, दिवे, शौचालये, मुलांची ये-जा यांवर काम सुरू केले.

कुत्रा चावलाच, मग तो येऊरला असो की रबाळे एमआयडीसीच्या गेटवर, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी लसीसाठी सरकारी दवाखाना गाठायचा. हळद, चुना, मिरची काही लावायचे नाही. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय जवळपास उरत नाही.

पाव, गाय आणि गोचीड

उद्यानात फिरायला आलेली मंडळी हरणापुढे पाव, बिस्किटे, चणे धरतात. हेतू चांगला, परिणाम वाईट. हरणाच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात गवत आणि पाने आंबवणारे अब्जावधी सूक्ष्मजीव असतात. तिथे अचानक मैदा-साखर पडली की भलतेच जिवाणू फोफावतात, आम्ल वाढते, पोटाची हालचाल थांबते. जास्त प्रमाणात झाले तर जनावर दगावते. पिशवीला अन्नाचा वास लागला तर पिशवीसुद्धा पोटात जाते आणि मग ती बाहेर येण्याचा मार्ग नसतो. वर, माणसाच्या हाताला सवकलेले हरीण रस्त्यावर आणि कुत्र्यांच्या तोंडी लवकर सापडते.

आजारांचा दुसरा रस्ता गोठ्यातून येतो. जुलै 2025 मध्ये पुण्याच्या कात्रज प्राणिसंग्रहालयात काही दिवसांत 16 चितळे मेली. कारण निघाले लाळ्या-खुरकूत, म्हणजे गाई-म्हशींचा ओळखीचा रोग. तो विषाणू हवेतून, चाऱ्यातून, चपला आणि टायरला लागूनही जातो. रानातल्या हजार हरणांना लस टोचता येत नाही. कडेच्या गावांतल्या गुरांना टोचता येते, आणि व्याघ्र प्रकल्पांच्या शेजारच्या गावांत ती टोचली जाते. हरणांसाठी केलेल्या खर्चातला हा बहुधा सर्वांत सार्थकी लागणारा भाग असावा, शिवाय शेतकऱ्याचे दूधही वाचते.

हरणे बेसुमार वाढली की माणसाच्या आरोग्यावर काय ओढवते ते अमेरिकेने पाहिले आहे. लांडगे आणि प्यूमा बहुतेक भागांतून संपवल्यावर तिथे पांढऱ्या शेपटीची हरणे कोट्यवधींवर गेली. त्यांच्या रक्तावर पोसणाऱ्या गोचिडांमुळे लाइम रोग पसरला, आणि मोटारींची हरणांशी वर्षाला दहा लाखांवर टक्कर होते. शिवाय 1967 मध्ये कोलोरॅडोत प्रथम दिसलेला, मेंदूला चाळण करणारा एक जीर्ण झिजरोग आता तीसहून जास्त राज्यांत पोहोचला आहे. तो बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो, मातीत वर्षानुवर्षे टिकतो. माणसाला झाल्याचे अद्याप सिद्ध झालेले नाही. तिथे परवान्याने शिकार हाच संख्या आवरण्याचा मार्ग. भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्याने ती वाट बंद आहे, आणि इथल्या जंगलात वाघ-बिबटे अजून असल्यामुळे बहुतेक ठिकाणी तिची गरजही नाही.

इथे गरज आहे ती गवताची. येऊरपासून चांदोलीपर्यंत हरणांच्या कुरणांचे दोन वैरी एकच: रानमोडी-घाणेरीसारखी परकी झुडपे आणि दिवाळीनंतरचे वणवे. रानमोडी गवताला झाकून टाकते आणि तिला हरीण तोंड लावत नाही. वणव्यानंतर कोवळे गवत फुटते हे खरे, म्हणून काही जण मुद्दाम काडी लावतात. पण त्याच आगीत जमिनीवरची घरटी, पाडसे, रोपे जातात आणि मोकळ्या राखेत पुन्हा रानमोडीच आधी उठते. त्यासाठी वन खाते हिवाळ्यात जाळरेषा काढते आणि रानमोडी फुलायच्या आत मुळासकट उपटते. मारवेल, पवन्यासारखी गवते मग दोन-तीन पावसाळ्यांत धरतात. चांदोलीत उठलेल्या गावांची भातखाचरे ही आज हरणांची आणि गव्यांची आवडती चरण्याची जागा आहे. ती तशीच सोडली तर झुडपांखाली जातात, म्हणून ज्या बांधांवर कधी नाचणी-भात राखला जायचा, तिथे आता माणसे लावून गवत राखावे लागते.

घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या वाटेवर किंवा गावाकडच्या बांधावर जखमी हरीण दिसले, तर त्याच्याभोवती गर्दी करू नये, धरू नये, तोंडात पाणी ओतू नये. कुत्री हाकलावीत, लोकांना मागे सारावे आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. पथक आल्यावर आधी जनावराच्या डोळ्यांवर कापड टाकेल. दिसेनासे झाले की हरीण धडपडायचे थांबते, आणि तेवढ्यानेही त्याच्या हृदयावरचा आणि मूत्रपिंडावरचा भार हलका होतो.